इनासबाब, तुझ्या हातचं चामडं

इनासबाब, तुझा फोन अजून वाजतो. तुझ्या बायकोने, मार्थाबायने, तो माझ्याकडे देऊन टाकला, कारण घरात वाजला की तिचा जीव वरखाली होतो. बऱ्याच लोकांना तू गेल्याचं कळलेलंच नाही. "सीटवाले इनास ना?" असं विचारतात. पहिले दोन दिवस मी "ते गेले" असं सांगून बघितलं. देवगडचा एक जण म्हणाला, "बरं, मग परत कधी येतील?" तेव्हापासून मी नुसतं विचारते, गाडी कुठली, चामडं आहे की रेक्झिन, आणि कामाचं बोलायला लागते.

काल एकाचा फोन आला. सीटा मळल्यात, म्हणाला, काळ्या करून टाका. मी सवयीने मान वळवून तुझ्या स्टुलाकडे बघितलं. तू कसं तोंड करतोस ते बघायला.

"काळ्या करून टाका" एवढं कानावर पडलं की तू हातातलं काम खाली ठेवायचास. "काळो रंग म्हणजे पांघरूण. खाली काय मेला ता कोणाक कळाचा नाय." मी म्हणायचे, ज्याची गाडी त्याची आवड. आपण सीटवाले, आपण काय शाळामास्तर? भाजीवाली वांगी देते, त्याचं भरीतच करा असं सांगायला घरी येत नाही. तू म्हणायचास, भाजीवाली सडलेलं वांगं रंगवून तरी देत नाही. अकरा वर्षं आपलं हे भांडण चाललं. शेवटचं भांडलो ते तुझ्या ओसरीवर, तू जायच्या चार दिवस आधी. माझा मुद्दा पुरा व्हायच्या आत तुला खोकल्याची उबळ आली, मी पाण्याचा तांब्या आणायला धावले आणि परत येऊन गप्प बसले. तू खोकल्यावर जिंकलास, हे सांगून ठेवते. माझं म्हणणं मला अजून पटतं. त्या फोनवाल्याला मात्र मी म्हटलं, आधी गाडी घेऊन या, धुऊन बघू, मग रंगाचं ठरवू.

तुझ्या-माझ्या दुकानांमध्ये एक भिंत होती. तारकर्लीच्या रस्त्याला तुझं गाड्यांच्या सीटांचं दुकान आणि त्याला लागून माझं ब्लाऊज शिवायचं. बाया तयार कपडे घ्यायला लागल्या, तशी माझी मशीन दुपारभर गप्प राहायची. तू ते भिंतीपलीकडून ऐकत असणार. एका सकाळी दारात येऊन उभा राहिलास. मी म्हटलं, "तुम्ही बसा ना." तर मागे वळून बघून म्हणालास, "तुमी कोण गो? हय मी एकटोच आसय." वयाने चौदा वर्षांनी मोठ्या माणसाला मी त्या दिवसापासून अरे-तुरे करायला लागले.

मग काम सांगितलंस. एका गाडीच्या चामड्याच्या सीटची शिवण उसवली होती. "माका बारीक टाको घालूक जमणा नाय. बायलमाणसाचो हात व्हयो." मी हसले. आखातातल्या गॅरेजात वीस वर्षं सीटा शिवून आलेल्या माणसाला टाका जमत नाही? पण मला काम हवं होतं, म्हणून मी फार विचारलं नाही.

तसं आपल्याकडे चामड्याचं काम किती यायचं? वर्षाला चार-पाच गाड्या. बाकी सगळं रिक्षांच्या गाद्या, पर्यटकांच्या जीपगाड्यांचं रेक्झिन, मोटारसायकलींच्या सीटा. ते तू झपाट्याने उरकायचास. चामडं आलं की तुझी चाल बदलायची. आधी दाढी करून यायचास. मी विचारलं होतं, त्या सीटला काय तुझी दाढी टोचणार आहे? तू माझ्या नखांकडे बघितलंस आणि नेलकटर पुढे केलास.

"पयला हातान बघ, मगे डोळ्यान." पहिला महिनाभर तू मला सुई लावू दिली नाहीस. नुसतं चाचपायला लावलंस. समुद्राकाठच्या हवेत चामड्याला कशी आतून बुरशी धरते, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची सीट कशी पापडासारखी होते, ज्याच्या खिशात किल्ल्या असतात त्याच्या सीटवर कुठे ओरखडे असतात, सगळं बोटांनी. मग साबणाचा फेस करून मऊ ब्रशने धुणं. फाटलेल्या जागी चिमट्याने आतून कापडाची पट्टी सरकवणं. वरून पुट्टीचे पातळ थर, एक सुकला की दुसरा, मध्ये घासकागद. आणि शिवायचं ते जुन्याच भोकांतून, नवीन भोक एकही पाडायचं नाही. रंग जुळवायला तू सकाळी दहाला दुकानाबाहेर स्टूल घेऊन बसायचास. अकरा वाजले की बंद. ऊन चढलं की रंग खोटं बोलतो म्हणायचास.

दुसऱ्या वर्षी कधीतरी तू मला चहाची बशी दिलीस आणि कप बशीवर वाजला. थांबेचना. तू बशी पटकन खाली ठेवलीस आणि उजवा हात फोमच्या गुंडाळीखाली सरकवलास. मी कपाकडेच बघत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की बायलमाणसाचा हात का हवा होता. तुझा हात आधीपासूनच कापत होता. कुणी कीव करायच्या आत तू त्याची मस्करी करून टाकलीस आणि तुझ्याजवळ होतं ते सगळं एकेक करून माझ्या हातांत उतरवायला लागलास. मला कळलंय हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते कळलं असणार, कारण त्यानंतर तू सुई सरळ माझ्याकडे दोरा ओवायला द्यायला लागलास, बहाणा न करता.

आणि ते महागड्या गाडीचे साहेब आठवतात? मी सीटवर वाकून टाके घालत होते आणि ते दारातून ओरडले, "मिस्त्री कुठायत?" तू माझ्याकडे बोट केलंस. ते म्हणाले, "नाही हो, मेन मिस्त्री." तू म्हणालास, "तीच. माका खूप काम आसा, मी चाय आणूक जातंय," आणि खरंच किटली घेऊन निघून गेलास. पाऊण तास आला नाहीस. तोपर्यंत साहेबांना माझ्याशीच बोलावं लागलं. जाताना ते मला "मॅडम" म्हणाले.

पण मला सांगायचंय ते देवगडच्या डॉक्टरीणबाईंचं. ते तू कुणाला सांगायचा नाहीस, आणि मीही आजवर सांगितलं नाही, कारण त्यात आपली दोघांचीही शोभा झाली होती.

डॉक्टरीणबाई म्हणजे आडगावांत गाडी घेऊन फिरलेली बाई. तीसेक वर्षं स्वतः चालवत जायची, बाळंतपणं करायची, सर्पदंशाचे रोगी मागच्या सीटवर घालून आणायची. गाडी जुनी, लांबलचक, सीटा दुधाच्या साईच्या रंगाच्या, खऱ्या चामड्याच्या. मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. गाडी पोर्चमध्ये उभी. तरी रोज दुपारचा चहा झाला की बाई भिंतीला हात लावत पोर्चमध्ये यायच्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या आणि घटकाभर स्टिअरिंगवर हात ठेवून राहायच्या. त्यांची भाची त्यांच्याजवळ राहायची. तिनेच आपल्याला बोलावलं. सीट एवढी फाटली होती की बाईंच्या साडीत फोमचा भुगा यायला लागला होता.

आपण सीटा सोडवून टेम्पोत घातल्या. बाई पोर्चमध्ये काठी धरून उभ्या होत्या. "लवकर आणा हो," एवढंच म्हणाल्या.

आठव्या दिवशी मी घोळ केला. स्पिरिटची बाटली समजून थिनरची उचलली. ड्रायव्हरच्या सीटची पाठ पुसायला घेतली आणि जुना रंग सालीसारखा निघून आला. त्याखालचं चामडं वाळून कडक झालं. मी घाबरून ते ताणून टाका घालायला गेले, तर सुईखाली बिस्किटासारखं तुटलं. पंजाएवढा तुकडा माझ्या हातात आला.

तू तेव्हा बाजारात गेला होतास. तू येईस्तोवर मी सगळा हिशेब मनात जुळवून ठेवला होता. कपाटात नव्या चामड्याचा तुकडा होता. मी तुला म्हटलं, "नवीन तुकडो लावया, रंग जुळवया. तिका खंय दिसता?"

अकरा वर्षांत तू माझ्यावर एकदाच चिडलास, तो दिवस हा. आवाज चढवला नाहीस. हातातली पिशवी खाली ठेवलीस, त्यातले बांगडे तसेच राहिले. "दिसणा नाय म्हणून फसवूचा?" मी हातातला तुकडा खाली ठेवला. "उद्या सकाळी देवगडाक जावया. तू सांग तेंका. मी काय बोलूचंय नाय."

त्या रात्री मी जेवले नाही हे तुला माहीत नाही. नवरा म्हणाला, एवढं काय, सीटच ती. मला तुझा राग आला होता. इतका की दुसऱ्या दिवशी टेम्पोत मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि तूही शीळ घालत बाहेर बघत बसलास.

डॉक्टरीणबाई पोर्चमध्ये बिनसीटच्या गाडीशेजारी लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. मी एका दमात बोलून टाकलं, "बाई, तुमच्या सीटचं चामडं माझ्या हातून फाटलं. बाटली चुकीची घेतली."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग विचारलं, "केवढं?"

"माझ्या पंजाएवढं."

त्यांनी हात पुढे केला. मी माझा पंजा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट चाचपून बघितला, बोटं मोजल्यासारखी. "म्हणजे फार नाही. टाके घालून भागेल?"

"नाही. तुकडा लावावा लागेल."

"कुठला लावणार? बाहेरचा?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू कबूल केल्याप्रमाणे तोंड मिटून उभा. मी म्हटलं, "बाहेरचा लावला तर तुमच्या हाताला कळेल."

"कळेलच," त्या म्हणाल्या. "अहो, भाजलेल्या माणसाला मोठ्या इस्पितळात काय करतात? त्याच्याच मांडीवरचं कातडं काढून लावतात. या गाडीला मांडी नाही का कुठे?"

इनासबाब, त्या क्षणी तुझं बोलायचं नाही हे व्रत मोडलं. तू एवढ्याने हसलास की आतून भाची धावत आली. मागच्या बाकाखाली, कुणाला कधी दिसत नाही अशा जागी चामड्याचा रुंद पट्टा होता. त्याच जनावराचा, तेवढाच जुना, फक्त उन्हापासून वाचलेला. परतताना तू टेम्पोत सारखा बोटाने हवेत मापं काढत होतास. माझ्यावरचा राग तुझा तिथेच संपला. माझा तुझ्यावरचा संपायला दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी कुडाळवरून आणलेला खास बारीक दाभण कारणीभूत झाला, हे तू ओळखलंस की नाही कोण जाणे.

तो तुकडा मी पाच दिवस लावत होते. जुन्या भोकांतून, एकेक टाका. तू बाजूला बसून पुढचे फोम भरलेस, पाठ भरलीस, बैठक छान टुमटुमीत केलीस. साईचा रंग दहाच्या उन्हात जुळवलास. सीट अशी दिसत होती की मी मोबाईलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आपण सीटा बसवल्या. डॉक्टरीणबाई आल्या, दार धरून आत बसल्या. लगेच उठल्या.

"ही माझी सीट नाही."

भाची म्हणाली, "मावशी, किती सुंदर केलीय, अगदी नवी!"

"तेच म्हणतेय मी. इथे खळगा होता. डाव्या बाजूला. माझं कंबरेचं हाड तिथे टेकायचं. तीस वर्षांत पडलेला खळगा तुम्ही भरून टाकलात."

मला वाटलं, आता तू समजावशील. जुन्या फोमचं पीठ झालं होतं, ते ठेवणं शक्यच नव्हतं, हे खरंच होतं. कुणीही कारागीर तेच बोलला असता. मी तर तोंड उघडलंच होतं. पण तू टोपी काढलीस. आंधळ्या बाईसमोर तू टोपी काढलीस, इनासबाब, जी तिला दिसणार नव्हती. आणि म्हणालास, "चुकला माझा, बाय. हात लावच्या आदी तुमका इचारूक व्हया होता."

मग पोर्चच्या फरशीवर ती सीट परत उसवली. बाईंना बसवायचं, त्या सांगायच्या, "अजून थोडं. नाही, खाली." उठवायचं. तू लांब पात्याच्या सुरीने फोम तासायचास, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. पुन्हा बसवायचं. चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्या बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. मी उकललेली शिवण पुन्हा शिवली, आपण सीट गाडीत बसवली, बाई आत बसल्या आणि म्हणाल्या, "आता दार लावा."

आपण तिघं बाहेर उभे. काचेआड त्या क्लच दाबत होत्या, गिअर टाकत होत्या. एका जागी त्यांनी स्टिअरिंग हळूच डावीकडे वळवलं. तू माझ्या कानाशी म्हणालास, "घाटी उतारता बघ." बऱ्याच वेळाने काच खाली आली.

"मुली, तो तुझा तुकडा कुठेय? मला सापडत नाही."

मी त्यांचा हात धरून पाठीवरच्या त्या जागी नेला. त्यांनी बोटं फिरवली, कडेकडेने, एकदा नव्हे, दोनदा. "हं," म्हणाल्या, "जखम नीट भरलीय."

परतीच्या वाटेवर तू टोपीवरचा फोमचा भुगा झटकत होतास. मग म्हणालास, "आज दोघांकय मार पडलो," आणि टेम्पो थांबवून मला सोडा पाजलास. त्या दिवसापासून आपल्याकडे कुणीही गाडी आणली की तू आधी मालकाला सीटवर बसवायचास, आणि तो कसा बसतो ते बाजूने वाकून बघायचास. लोक हसायचे. पासष्टी जवळ आलेला माणूस, निम्मं आयुष्य या धंद्यात घालवलेला, आणि एका दुपारी शिकलेली गोष्ट त्याने मरेपर्यंत पाळली. मला तुझ्या हाताचं कौतुक होतंच. पण तू टोपी काढलीस ना, त्यानंतर मी तुला मनातून गुरू म्हणायला लागले. तोंडाने कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू मला फोमची धूळ झाडायला लावली असतीस.

आणखी एक राहिलं. आभार मानायला तू टेम्पोवाल्याला, चहावाल्याला, पिशवी उचलून देणाऱ्या अनोळखी माणसालाही "देव बरें करूं" म्हणायचास. मला कधी म्हणाला नाहीस, आणि मीही तुला नाही. आपल्यात ते विचित्र वाटलं असतं. आता वाटतं, एकदा विचित्र वाटून घ्यायला काय हरकत होती?

तू सकाळी गेलास. मार्थाबायचा निरोप आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तुला न्यायचं ठरलं. मी फुलं घेऊन नऊला आले, तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, तुझे गोव्याचे चुलते आलेले, तू अजून आत खोलीत, आणि ओसरीवर दोन बाकांवर तुझी रिकामी शवपेटी ठेवलेली. झाकण उघडं होतं. मी आत बघितलं.

आतलं पांढरं सॅटीन कुणीतरी घाईने पिना मारून लावलं होतं. एका बाजूने लोंबत होतं. कोपऱ्यांत चुण्या पडल्या होत्या. डोक्याकडे तर कापड कमी पडलेलं आणि लाकूड उघडं होतं. मार्थाबाय शेजारी उभी होती. तिनेही ते बघितलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि मी विचारलं, "करू मी?"

"तू नाय तर कोण करतला?" ती म्हणाली.

मी धावत दुकानात गेले. सुई, पांढरा दोरा, कात्री, बारीक खिळे, पिना काढायची पक्कड आणि घरातली कापसाची नवी उशी घेऊन आले. सगळ्या पिना काढल्या. कापड ओलसर हाताने ताणून घेतलं, उशी उसवून डोक्याकडे कापसाचा थर दिला, तिच्या अभ्र्याच्या पट्ट्या लाकडाच्या कडेला खिळ्यांनी ठोकल्या, आणि सॅटीन त्या पट्ट्यांना लपता टाका घालत जोडत निघाले. पेटीत वाकून शिवताना पाठ भरून आली. मी तेव्हा रडले नाही, खरंच सांगते. टाका सरळ जायला डोळे कोरडे लागतात.

दहाची घंटा झाली. फादर आले. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. तुझे एक चुलते ओसरीवर येऊन हळू आवाजात म्हणाले, "पुरो गो, आता कोण बघता ता?"

मार्थाबाय माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "फादर," ती म्हणाली, "रवा जरा. तिचा होऊंदी."

फादरनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ओसरीवरची खुर्ची ओढून बसले. ते बसले तसं अंगणही बसलं. वीतभर शिवण उरली होती. मी घाई केली नाही.

शेवटचा टाका घालून मी दोरा दातांनी तोडला, सगळ्या कडेने एकदा हात फिरवला. मग बाजूला झाले आणि म्हटलं, "आता आणा तेका."